गारव्याच्या धंद्यात कर्ज पोरांच्या माथी

दहावी-बारावीचे निकाल लागले की तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरचे फलक बदलतात. ‘तीन महिन्यांत एसी-फ्रीज मेकॅनिक व्हा’, ‘शंभर टक्के नोकरीची हमी’, ‘फी सोप्या हप्त्यांत’. पगाराचा आकडा ठळक अक्षरांत असतो, फीचा मात्र कुठेच नसतो. ती ऑफिसात गेल्यावर कळते आणि तोवर पोराच्या डोळ्यांत शहर उतरलेले असते. बाप मग पतपेढीत जातो, आई बचत गटात विचारते, तिथे जमले नाही तर शेकड्याला तीन रुपये व्याज घेणारा गावात असतोच. अशा कर्जावर शिकलेली हजारो पोरे आज पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात इमारतींच्या बाहेरच्या भिंतींना लटकून आपल्या घरांत गारवा आणत आहेत. त्यांच्या शिक्षणाला किती पैसा लागला आणि त्यातून हाती किती आला, हा हिशेब ना सरकार लोकांपुढे ठेवते, ना उद्योग. फी घेणाऱ्यांकडून तर ती अपेक्षाच नको. पण तो मांडला नाही तर पुढच्या काही वर्षांत काय होईल याची धास्ती वाटते, म्हणून तो इथे मांडत आहोत.

धंद्याला मागणी आहे, हे आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. भारतात शंभरातल्या जेमतेम दहा घरांत एसी आहे आणि उन्हाळा दरसाल अंगावर येतो आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे काल परवडत नव्हता तो एसी आज हप्त्यावर घरी येतो. २०५०पर्यंत देशात शंभर कोटींहून जास्त एसी असतील, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा २०१८चा अंदाज आहे. शिवाय गारवा फक्त दिवाणखान्यात लागत नाही. नाशिकची द्राक्षे युरोपला निघतात ती प्री-कूलिंगमधून. सांगली-तासगावचा बेदाणा वर्षभर कोल्ड स्टोरेजमध्ये असतो. रत्नागिरीच्या मासळीला बर्फ लागतो, दूध संघांना चिलिंग सेंटर लागते, नवी मुंबईत उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांना तर रात्रंदिवस चिलर लागतात. या सगळ्यामागे गेज लावून दाब वाचणारा एक माणूस असतो. तो हवाच आहे, आणि म्हणूनच फलकावरची थाप पचते.

आता वही उघडू. समजा, बीड किंवा वाशिमकडचा एक मुलगा पुण्यात तीन महिन्यांच्या खासगी कोर्सला आला. फी ४५ हजार धरू. खाटेचे भाडे आणि मेस मिळून महिन्याला आठ हजार म्हणजे २४ हजार. याच तीन महिन्यांत तो एखाद्या दुकानात हेल्पर म्हणून उभा राहिला असता तर दरमहा दहा हजार त्याच्या हातात पडले असते. ते बुडाले तीस हजार. असे मिळून ९९ हजार, म्हणजे लाखच. फी सगळ्यांना दिसते, पण बुडालेली मजुरी कोणी खर्चात धरत नाही. गरिबाच्या घरात मात्र तीच आधी जाणवते.

कोर्स संपल्यावर हा मुलगा सर्व्हिस सेंटरच्या दारात जातो. मालक सर्टिफिकेट बघतो, बाजूला ठेवतो आणि विचारतो, “आउटडोअर एकट्याने बसवलंय का कधी?” वर्गात दोन फुटलेले एसी आणि एक जुना फ्रीज, त्याभोवती वीस पोरे. गॅस भरताना मुलाने पाहिलेले असते, भरलेला नसतो. पगार ठरतो बारा हजार. शेजारी उस्तादाच्या हाताखाली फुकटात शिकणारा हेल्पर दहा हजार घेत असतो. लाख रुपये घालून मिळाली ती दरमहा दोन हजारांची वाढ. मूळ रक्कम वसूल व्हायला पन्नास महिने लागतात, म्हणजे चार वर्षांहून जास्त. लाखावर शेकडा तीनने महिन्याचे व्याजच तीन हजार होते. लाखातले निम्मे जरी त्या दराने कर्जाऊ घेतले असतील तर वाढीतले पाचशे रुपये मुद्दलाला उरतात. आकडे शहरागणिक थोडे पुढेमागे होतील. हिशेबाचा कल तोच राहील.

अवजारांचा खर्च यात अजून आलाच नाही. स्वतःचे काम करायचे तर व्हॅक्यूम पंप, मॅनिफोल्ड गेज, फ्लेअरिंग टूल, क्लॅम्प मीटर, गॅस तोलायचा काटा, ब्रेझिंगचा टॉर्च, नायट्रोजनची टाकी, धुवायचा जेट पंप, भिंतीला भोक पाडायचे कोअर कटिंग मशीन आणि या सगळ्याच्या आधी कमरेचा बेल्ट आणि दोर लागतो. बरा माल घेतला तर पन्नास हजारांतले काही उरत नाही. जुना गॅस हवेत न सोडता परत टाकीत ओढून घेणारे रिकव्हरी मशीन घ्यायचे म्हटले तर त्याचेच पुन्हा तीस-चाळीस हजार. म्हणून ते नव्या मेकॅनिकच्या पिशवीत जवळजवळ कधीच नसते. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, शिंपी, न्हावी अशा १८ पारंपरिक व्यवसायांना अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पाच टक्के दराने कर्ज मिळते. ते मिळालेच पाहिजे. पण आजच्या शहरात कारागीर म्हणून राबणारा हा मुलगा त्या यादीत बसत नाही, आणि दुसऱ्या कुठल्या यादीत त्याला बसवावे असे कोणाला वाटलेले नाही.

सरकारी आयटीआयचा रस्ता वेगळा आहे. रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन हा दोन वर्षांचा ट्रेड दहावीनंतर करता येतो. खासगी कोर्सच्या मानाने फी नगण्य. महाराष्ट्रात चारशेहून जास्त सरकारी आयटीआय आहेत, पण हा ट्रेड सगळीकडे नाही आणि जिथे आहे तिथे जागा मोजक्या. पास झालेल्याला पुढची दारे खरोखर उघडतात. अ‍ॅप्रेंटिसशिप मिळते, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, रेल्वेत टेक्निशियनच्या आणि असिस्टंट लोको पायलटच्या भरतीला हा ट्रेड चालतो. कोकणातल्या घरांना ठाऊक आहे की आखातात एजंटने कागद मागितले की आयटीआयच्या सर्टिफिकेटला वजन असते आणि तीन महिन्यांच्या कागदाला नसते. आखातात जाणाऱ्या पोरांसाठी एक गोष्ट नोंदवून ठेवतो: नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेण्याचा अधिकार नाही. यावर कोणी लाख-दीड लाख मागत असेल तर तो कायदा मोडतो आहे.

तरी आयटीआय फुकट पडते असे म्हणणे खोटे ठरेल. दोन वर्षांची मजुरी जाते, आणि ज्या घरात दोन हात कमावते नाहीत तिथे ही दोन वर्षे काढणे सोपे नसते. पात्र विद्यार्थ्यांना मिळणारे विद्यावेतन अगदी अलीकडेपर्यंत महिन्याला ४० रुपये होते. होय, चाळीस. आता ते ५०० केले आहे. पाचशे रुपयांत तालुक्याचा पास निघेल, डबा निघणार नाही. पुढे अ‍ॅप्रेंटिसशिपच्या २०१९च्या नियमांत आयटीआय झालेल्या मुलाचे किमान विद्यावेतन महिन्याला ७,००० रुपये ठरले. जो मुलगा दोन वर्षे वेल्डिंगची ठिणगी अंगावर घेऊन धंदा शिकला, त्याला शहरात खोलीचे भाडेही धड देता येणार नाही असा तो आकडा होता. म्हणून हुशार पण गरजू मुलगा मध्येच सोडून जातो आणि कुठल्याशा डिलिव्हरीच्या गाडीवर दिसतो. त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

त्यात या धंद्याला सीझनचा फेरा आहे. मार्च ते जून मेकॅनिकला जेवायला फुरसत नसते. दिवसाला सात-आठ कॉल, तेही भर दुपारी, कारण एसी बंद पडतो तो दुपारीच. अकोला-चंद्रपुरात पारा ४५च्या वर जातो तेव्हा दुपारी बाहेर पडू नका असे प्रशासन बजावते, आणि त्याच वेळी हा माणूस तापलेल्या पत्र्यावर आउटडोअर उघडून बसलेला असतो. पहिला पाऊस पडला की फोन थांबतात. जुलै ते जानेवारी अनेक दुकाने पोरांना ‘घरी जाऊन या’ म्हणतात. फलकावरचे ‘महिना तीस हजार’ हे एप्रिल-मेचे तीस हजार असतात. चार महिने तीस आणि आठ महिने आठ, असे धरले तर सरासरी पंधरा हजारांच्या आसपास येते. हे सांगून कोणी फी घेत नाही.

या फेऱ्यावर तोड नाही असे नाही. कोल्ड स्टोरेज, चिलिंग सेंटर, रुग्णालये, औषध कंपन्या आणि डेटा सेंटर यांना बाराही महिने माणूस लागतो. लशींच्या शीतसाखळीचे तंत्रज्ञ घडवणारे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पुण्यातच आहे. पण तीन महिन्यांच्या कोर्समध्ये भिंतीवरच्या स्प्लिट एसीपलीकडे काही शिकवत नाहीत. अमोनियावर चालणारा प्लांट, चिलर, व्हीआरएफ (एका आउटडोअरवर अनेक खोल्या थंड करणारी यंत्रणा), सर्किट बोर्डाची दुरुस्ती, यातले काहीही येत नसलेला मुलगा सीझनचाच गडी राहतो. धंद्यातला बारमाही पैसा शिक्षणाच्या ज्या भागात आहे, तोच भाग विकणाऱ्यांनी कापून टाकला आहे.

इथवर प्रश्न पैशाचा होता. आता जिवाचा.

पाईप जोडून झाला की गळती आहे का ते बघण्यासाठी त्यात दाब भरावा लागतो. तो कोरड्या नायट्रोजननेच भरायचा असतो. नायट्रोजनची टाकी महाग, जड, दुसऱ्या मजल्यावर चढवायला त्रासाची. मग वेल्डिंगसाठी आणलेली ऑक्सिजनची टाकी जवळ असते, ती लावली जाते. कॉम्प्रेसरमध्ये तेल असते, आणि दाबाखालचा ऑक्सिजन त्या तेलाला भेटला की स्फोट होतो. कॉम्प्रेसरचे तुकडे होतात आणि समोर बसलेला मुलगा वाचला तरी पूर्वीसारखा राहत नाही. वर्तमानपत्रात छापून येते: ‘एसीचा स्फोट, तरुण ठार’. त्याला शिकवणारा कोण होता, त्याच्या हातात चुकीची टाकी का होती, हे बातमीत येत नाही. आमच्याही पानांवर ते अनेकदा आले नाही. ही चूक आमची आहे.

दुसरा धोका गॅसचाच आहे आणि तो वाढणार आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी शिकलेल्या उस्तादाचा हात आर-२२वर बसला. तो गॅस पेट घेत नाही. तो ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार २०३०पर्यंत बंद होतो आहे. त्याच्या जागी आज घरोघर आलेल्या एसींत आर-३२ आहे. हा सौम्य का होईना, ज्वालाग्राही आहे. काही एसींत आर-२९० आहे, म्हणजे साधा प्रोपेन, जवळपास आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद. जुन्या सवयीने बंद खोलीत गॅस सोडून देणारा, गळती असतानाच टॉर्च पेटवणारा हात या नव्या गॅसवर पडला तर आग लागते. ही आग मेकॅनिकपुरती थांबणार नाही. त्याच खोलीत पाळणा असतो, आजी असते.

तिसरे नुकसान कोणाला दिसत नाही. एक किलो आर-२२ हवेत सोडला तर पृथ्वी तापवण्याच्या बाबतीत तो सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका पडतो, आर-४१०ए हा एसीतलाच आणखी एक गॅस दोन हजारांच्या वर, आर-३२ पावणेसातशेच्या आसपास. वीस मिनिटे व्हॅक्यूम पंप चालवण्याऐवजी थोडा गॅस सोडून पाईप ‘फुंकणारा’ मुलगा हे नुकसान रोज करतो. आणि पाईपमध्ये राहिलेल्या हवेमुळे, ओलाव्यामुळे ग्राहकाचे वीजबिल वाढते ते वेगळेच.

हे सगळे सरकारला माहीत नाही असे नाही. मार्च २०१९मध्ये केंद्राने शीतलनाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. असा आराखडा करणाऱ्या पहिल्या देशांत आपण होतो, आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे. २०२२-२३पर्यंत एक लाख सर्व्हिस टेक्निशियनना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे लक्ष्य त्यात होते. २०२१मध्ये आपण मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीला मान्यता दिली. तिच्यानुसार २०२८पासून आपल्याला एचएफसी (आर-३२, आर-४१०ए यांसारख्या) गॅसचा वापर गोठवायचा आहे आणि २०३२पासून कमी करत न्यायचा आहे. म्हणजे पुढच्या काही वर्षांत प्रत्येक मेकॅनिकला नवा गॅस, नवे तेल, नवे नियम शिकावे लागणार. पण या गॅसला हात लावायला प्रमाणपत्र लागतेच, असा कायदा देशात आजही नाही. आहे ते ऐच्छिक.

गफलतीचे मूळ इथे आहे. महाराष्ट्रात घराच्या वायरिंगला हात लावायला वायरमनचा परवाना लागतो. घरोघर जाऊन एसीत ज्वालाग्राही गॅस भरायला मात्र कसलेच प्रमाणपत्र लागत नाही. अमेरिकेत स्वच्छ हवा कायद्याखाली नोव्हेंबर १९९४पासून प्रमाणपत्राशिवाय शीतक गॅस हाताळता येत नाही. युरोपातही तसेच. तिथे परीक्षा पास होण्याला बाजारात किंमत आहे, म्हणून शिकण्यावरचा खर्च पगारात परत येतो. आपल्याकडे शिकलेला आणि न शिकलेला एकाच दराने विकला जातो. ग्राहक स्वस्तातला बोलावतो, अ‍ॅपवर तर चार रुपयांच्या फरकाने माणूस बदलतो. जो व्हॅक्यूमला अर्धा तास देतो तो दिवसाचे दोन कॉल हरतो. अशा बाजारात नीट शिकणे हा तोट्याचा सौदा होतो, आणि तोट्याचा सौदा गरीब किती दिवस करील?

म्हणून पहिली मागणी केंद्राकडे आहे: प्रमाणपत्र सक्तीचे करा आणि त्याची तारीख आजच जाहीर करा. एकदम केले तर आज पोट भरणारे लाखो हात रातोरात बेकायदा ठरतील, हे आम्हाला कळते. म्हणून जुन्या कारागिरांना तीन-चार वर्षांची मुदत द्या. त्यांची परीक्षा हातावर घ्या, कागदावर नको, आणि ती मराठीत घ्या. ज्याला वीस वर्षांत कॉम्प्रेसर नुसत्या आवाजावरून कळतो त्याला इंग्रजी प्रश्नपत्रिकेपुढे अडाणी ठरवू नका. या परीक्षेची फी आणि त्या दिवसांची मजुरी एसी विकणाऱ्या कंपन्यांकडून वसूल करा. वर्षाला एवढे एसी विकणाऱ्यांना प्रत्येक यंत्रामागे काही रुपये जड नाहीत. ज्या गॅसवर त्यांचा नफा उभा आहे तो सांभाळण्याचे शिक्षण पोराच्या बापाने कर्ज काढून द्यावे, हा न्याय नव्हे.

राज्य सरकारचा वाटा लहान नाही. मे २०२५मध्ये केंद्राने देशातल्या एक हजार सरकारी आयटीआय सुधारण्यासाठी ६० हजार कोटींची योजना मंजूर केली. महाराष्ट्राच्या वाट्याच्या संस्थांत या ट्रेडच्या तुकड्या वाढवल्या पाहिजेत, आणि त्या नाशिक, सांगली, रत्नागिरी, अमरावती अशा ठिकाणी वाढवल्या पाहिजेत, जिथे मुलगा घरचा डबा खाऊन शिकेल आणि कोल्ड स्टोरेजमध्येच हात चालवेल. रंगरंगोटीवर पैसा घालवण्याआधी कार्यशाळेत आर-३२चे चालू युनिट आणि रिकव्हरी मशीन आणा, निदेशकांच्या रिकाम्या खुर्च्या भरा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय झालेल्याला काही महिने दरमहा आठ हजार मिळू शकतात. ते महिने ऑफिसात फायली उचलण्यात न घालवता मार्चपासून उस्तादाच्या हाताखाली सीझन काढण्यात गेले, तर मुलाला पहिला सीझन आणि पहिला पगार एकदमच मिळेल. पास होताना त्याच्या हातात अवजारांची पिशवी द्या. शिवणयंत्रे वाटणाऱ्या राज्याला व्हॅक्यूम पंप जड जाऊ नये.

आणि खासगी संस्था. सगळ्याच फसवतात असे आम्ही म्हणत नाही. मन लावून शिकवणारे, मुलांना साइटवर नेणारे जुने मेकॅनिक आम्ही पाहिले आहेत. पण ‘शंभर टक्के नोकरी’ छापणाऱ्याने मागच्या तुकडीतले किती जण कुठे, किती पगारावर लागले आणि वर्षानंतर त्यातले किती टिकले, हे त्याच फलकावर छापलेच पाहिजे. घर बांधणाऱ्या बिल्डरला महारेराचा नंबर जाहिरातीत छापावा लागतो. माणूस घडवण्याचे पैसे घेणाऱ्याला एवढेही बंधन नसावे?

पालकांना आमचा सल्ला सरळ आहे. तीन महिन्यांच्या कोर्ससाठी व्याजाने पैसे काढू नका, तो सौदा आज बसत नाही. मुलाला घाई असेल तर एखाद्या चांगल्या उस्तादाकडे एक उन्हाळा पाठवा, त्याला हे काम झेपते का ते आधी कळू द्या. कोर्सच घ्यायचा झाला तर सही करण्यापूर्वी कार्यशाळेत उभे राहून विचारा: माझा मुलगा स्वतःच्या हाताने किती एसी बसवणार, नायट्रोजनची टाकी कुठे आहे, मागच्या वर्षीच्या तीन मुलांशी बोलायला मिळेल का? उत्तराला टाळाटाळ झाली तर पैसे खिशात ठेवून परत या. आणि त्याआधी जवळच्या सरकारी आयटीआयत एक चक्कर मारा. प्रवेशाची प्रक्रिया ऑनलाइन आहे, अर्ज दहावीच्या निकालानंतर सुरू होतात, आणि एसटी स्टँडवर त्यांचा फलक कोणी लावत नाही.